तीन वाक्यं आणि एक खुर्ची: नाटकात अर्थ कसा तयार होतो आणि तो तालमीत कसा उभा करायचा

नवीन ग्रुप नाटक बसवायला घेतो तेव्हा पहिल्या वाचनानंतर एक चर्चा हमखास होते, या नाटकातून आपल्याला नेमकं काय सांगायचंय. कोणी म्हणतं एकटेपणा, कोणी म्हणतं सत्ता, कोणी नात्यातला दुरावा, प्रत्येकाला आपापलं पटलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी तालमीला उभं राहिल्यावर त्यातलं काहीच हाताशी येत नाही. कारण एकटेपणा करून दाखवता येत नाही ना. नटाला खुर्चीत बसता येतं, उठता येतं, दाराकडे बघता येतं, वाक्य अर्धवट सोडता येतं. त्यातून दुरावा जाणवला तर तो प्रेक्षकाने लावलेला अर्थ असतो.

माझ्या मते या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे की नाटकातला अर्थ कुठेही एका जागी साठवलेला नसतो, संवादात नाही, नेपथ्यात नाही, नटाच्या चेहऱ्यावरही नाही. रंगमंचावर दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात, ऐकू येतात, त्या एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत, आणि मधली फट प्रेक्षक स्वतःच्या डोक्यात भरून काढतो. तोंडाने "ये ना आत" म्हणणारा माणूस दार अडवून उभा आहे, बस, एवढ्यात अर्थ सुरू झाला, कोणी काहीही समजावून सांगितलेलं नाही तरी समोरच्याला कळलं की इथे काहीतरी शिजतंय. तालमीतलं आपलं काम म्हणजे ही फट नीट ठेवणं, ना इतकी मोठी की काही लागेचना, ना इतकी छोटी की बघणाऱ्याला काही करायलाच उरू नये.

आता हे कसं करायचं ते पायरीपायरीने बघू. पूर्ण लेखभर एकच उदाहरण वापरतोय म्हणजे प्रत्येक पायरीला काय बदललं ते दिसेल. एक खोली आहे, मध्ये एक लाकडी खुर्ची, ती वडिलांची, वडील आता नाहीत. धाकटा भाऊ याच घरात राहतो, थोरला बऱ्याच काळाने आलाय. संवाद फक्त तीन:

धाकटा: दादा, पाणी देऊ?
थोरला: नको. निघतोय.
धाकटा: बरं.

कागदावर यात काही नाही. वाचून दाखवलं तर कोणी मान वर करून बघणार नाही, आणि म्हणूनच मी असा प्रवेश निवडला, कारण शब्दांनी काही सांगितलेलंच नाही म्हटल्यावर बाकी सगळं काय काय सांगतं ते उघड दिसतं.

पायरी १: भावना बाजूला ठेवा, आधी परिस्थिती ठरवा

स्तानिस्लाव्हस्की या रशियन दिग्दर्शकाने नटांना जे शिकवलं त्यातला मला सगळ्यात टिकाऊ वाटणारा भाग म्हणजे दिलेली परिस्थिती. कोण आहे, कुठे आहे, कधी, याआधी लगेच काय घडलं, यानंतर काय होणार आहे असं पात्राला वाटतंय. नट "मी दुःखी आहे" असं ठरवून आला की चेहरा दुःखी करतो आणि तिथेच थांबतो. परिस्थिती पक्की असेल तर दुःख आपोआप वाट काढतं, किंवा नाही काढत, आणि न काढणंसुद्धा बघण्यासारखं असतं.

आपल्या प्रवेशाला तीन वेगळ्या परिस्थिती देऊन बघा. पहिली, थोरला घराच्या कागदांवर धाकट्याची सही घ्यायला आला होता आणि सही आत्ताच झाली. दुसरी, थोरला काही न सांगता आलाय, त्याला इथेच राहायचंय, बाहेर जायला त्याच्याकडे जागा नाही, पण हे बोलून दाखवणं त्याला जमत नाहीये. तिसरी, वडील आजारी असताना थोरला आला नव्हता आणि आज पहिल्यांदा तो या खोलीत उभा आहे. शब्द तेच ठेवा, एक मात्रासुद्धा बदलू नका, आणि तिन्ही परिस्थितीत प्रवेश लागोपाठ करा.

शेवटचं "बरं" ऐका फक्त. पहिल्या परिस्थितीत ते दार बंद केल्यासारखं येतं. दुसऱ्यात त्या "बरं"नंतर थोरला जागचा हलतच नाही आणि आपल्याला कळतं की त्याला अडवायला हवं होतं. तिसऱ्यात "बरं" म्हणण्याआधीच धाकटा बराच वेळ घेतो. नटांना कोणीही "असं बोल" म्हणून सांगितलेलं नाही. एक सूचना मात्र पाळा, परिस्थिती ठरवताना ती खूप गुंतागुंतीची करू नका. दहा घटनांचा पूर्वेतिहास लिहून आणणारे नट मी बघितलेत, त्यातलं एक किंवा दोनच शरीरात उतरतं, बाकीचं वहीत राहतं.

पायरी २: प्रत्येक वाक्याखाली क्रियापद लिहा

पेन्सिल घ्या, प्रत्येक वाक्याखाली पात्र समोरच्याला काय करतंय ते एका क्रियापदात लिहा. थांबवतोय, अजमावतोय, टोचतोय, चुचकारतोय, सुटका करून घेतोय, माफी मागतोय, उपकाराचं ओझं टाकतोय. "रागावलाय", "खचलाय" असलं लिहायचं नाही, कारण ती अवस्था झाली, ती समोरच्यावर काही परिणाम करायला निघालेली नाही.

"दादा, पाणी देऊ?" याखाली काय येईल? "पाहुणचार करतोय" लिहिलं तर प्रवेश तिथेच मेला, कारण शब्द आणि कृती दोन्ही एकच सांगतायत. "थांबवतोय" लिहिलं की पाणी हे निमित्त होतं. "परका करतोय" लिहिलं, म्हणजे घरच्याच माणसाला मुद्दाम पाहुण्यासारखं विचारतोय, तर त्याच तीन शब्दांत केवढी तरी कडवट धार येते. मला हे तिसरं सगळ्यात जास्त आवडतं, कारण त्याच्यावर थोरला काहीच बोलू शकत नाही, विचारलेलं तर चांगलंच आहे ना, आक्षेप तरी कशावर घेणार.

क्रियापदं निवडताना एकच चाळणी लावा, समोरच्या पात्राला याचं उत्तर द्यावंच लागेल का? द्यावं लागत नसेल तर क्रियापद कमजोर आहे, दुसरं शोधा. आणि तीनपैकी किमान एका वाक्यात शब्दांचा वरवरचा अर्थ आणि खालचं क्रियापद एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जाऊ द्या. सगळीच वाक्यं विरुद्ध गेली तर मात्र प्रेक्षक दमतो, त्याला वाटतं इथे कोणीच काही खरं बोलत नाही आणि मग तो शोधणं सोडून देतो.

पायरी ३: शब्द आणि सूर वेगळे करा

भरताच्या नाट्यशास्त्र या प्राचीन संस्कृत ग्रंथात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत, आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेशभूषा-रंगभूषेचा आणि सात्त्विक म्हणजे आतल्या भावातून येणारा. वाचिक म्हणजे बोलणं एवढं आपण पटकन धरून चालतो, पण बोलण्यात शब्द आणि शब्द बोलायची पद्धत या दोन निराळ्या वाटा आहेत. १९६८ साली तादेउष कोव्झान या पोलिश अभ्यासकाने नाटकातल्या खुणांच्या, म्हणजे अर्थ पोचवणाऱ्या गोष्टींच्या, तेरा व्यवस्था मांडल्या, त्यात त्याने सुरुवातच अशी केली की शब्द एक आणि सूर दुसरा. बाकीच्या अकरा म्हणजे चेहरा, हावभाव, रंगमंचावरची हालचाल, रंगभूषा, केशभूषा, वेशभूषा, वस्तू, नेपथ्य, प्रकाश, संगीत आणि इतर आवाज. पहिल्या आठ नटाच्या अंगावर असतात, शेवटच्या पाच त्याच्या बाहेर. ही यादी मी तालमीच्या खोलीत भिंतीवर लावायला सांगतो, कारण अडलेल्या प्रवेशात आपण बहुतेक वेळा शब्दांशीच झगडत बसतो आणि उरलेल्या बारा वाटा मोकळ्याच पडलेल्या असतात.

सुरावर काम करायचं सगळ्यात सोपं साधन म्हणजे थांबणं. "नको. निघतोय." मध्ये एक पूर्णविराम आहे. तो पूर्णविराम छोटा ठेवला तर निर्णय आधीच झालेला होता असं वाटतं. मोठा केला तर असं वाटतं की "नको" म्हटल्यावर त्याला कारण द्यावं लागलं आणि निघतोय हे त्याने त्याच क्षणी शोधून काढलं, म्हणजे खोटं आहे. आता हा थांबा, म्हणजे विराम, उचलून "नको"च्या आधी टाका. "पाणी देऊ?"... आणि मग बराच वेळ काही नाही... मग "नको. निघतोय" सलग. आता तो पाण्याचा विचार करत नव्हता, त्याला त्या प्रश्नातलं परकेपण लागलं.

इथे एक गडबड नेहमी होते, थांबा म्हणजे रिकामी जागा समजून नट तिथे श्वास धरून उभा राहतो आणि मनात आकडे मोजतो. प्रेक्षकाला ते लगेच कळतं. थांब्यामध्येही एक क्रियापद चालू पाहिजे, गिळतोय, हिशोब करतोय, समोरच्याने आणखी काही बोलावं म्हणून वाट बघतोय. त्याला काही करायचंच नसेल तर थांबा काढून टाका.

पायरी ४: हालचाल वाक्याच्या आधी, बरोबर की नंतर

ही पायरी मी सगळ्यात जास्त वेळ देऊन करायला सांगेन, कारण इथे दहा मिनिटांत प्रवेश बदलतो आणि तरी बरेच ग्रुप ब्लॉकिंग म्हणजे फक्त कोण कुठे उभं राहणार, कोण कोणाला झाकणार नाही, एवढंच समजतात.

थोरल्याला "निघतोय" या शब्दावर दाराकडे जायचंय. तीन शक्यता. एक, आधी तो दाराकडे चालायला लागतो आणि मग म्हणतो "निघतोय". म्हणजे शरीर आधीच निघालंय, शब्द मागून कारण द्यायला आलाय. दोन, चालणं आणि बोलणं एकदम, यात अर्थ सगळ्यात कमी तयार होतो, दोन्ही एकच सांगतात, माहिती पोचते आणि संपलं. तीन, "निघतोय" म्हणतो आणि जागेवरच उभा राहतो. आता हॉलमधल्या प्रत्येक माणसाला प्रश्न पडलाय की हा जात का नाही. ही तिसरी शक्यता एवढी जोरकस आहे की नवीन लोक तिच्या प्रेमात पडतात आणि सगळीकडे वापरतात, तसं करू नका, पूर्ण नाटकात अशा जागा मोजक्या ठेवा.

हाच प्रयोग नजरेवर करा. धाकटा पाणी विचारताना थोरल्याकडे बघतोय का, खुर्चीकडे बघतोय, की हातातल्या कामाकडे? तिन्ही वेळा वेगळा माणूस दिसेल.

शरीर एकटंच किती वाहून नेऊ शकतं याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९४९ साली बर्लिनमध्ये जर्मन नाटककार ब्रेख्तच्या 'मदर करेज' या युद्धावरच्या नाटकात हेलेने वायगेल या अभिनेत्रीने केलेली मूक किंकाळी. मुलाला गोळ्या घातल्याचा आवाज बाहेरून येतो, आई तोंड पूर्ण उघडते, मान मागे टाकते आणि आवाज काहीच येत नाही. किंकाळीचं सगळं दिसतंय आणि ऐकू येणारा भाग तेवढा काढून घेतलाय, तो बघणारा स्वतःच्या कानात भरतो. अभिनय कमी केला म्हणून ते परिणामकारक झालं असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही, अभिनय पूर्णच होता, फक्त एक वाट बंद केली होती. तालमीत हे करून बघण्यासारखं आहे. प्रवेशातला सगळ्यात तापलेला क्षण घ्या आणि त्यातली एकच वाट बंद करा, आवाज, किंवा नजर, किंवा हात. बाकी सगळं पूर्ण ताकदीने चालू ठेवा.

पायरी ५: अंतर

दोन माणसांमधलं अंतर हे प्रेक्षकाला सगळ्यात आधी दिसतं, चेहरे मागाहून दिसतात आणि मागच्या रांगेत बसलेल्याला तर चेहरा नीट दिसतच नाही. म्हणून प्रवेशाची सुरुवात आणि शेवट यातलं अंतर ठरवून घ्या. जवळ सुरू करून लांब संपवायचं की उलट? आपल्या प्रवेशात मी दोघांना लांब ठेवीन आणि "बरं"वर धाकट्याला एक पाऊल पुढे टाकायला लावीन, तोंडाने सोडतोय आणि पाय जवळ येतायत.

प्रेक्षकांकडे पाठ करायला घाबरू नका. पाठ दिसली की माणूस काय विचार करत असेल हे प्रेक्षकाला ठरवावं लागतं. मात्र पाठ करून बोलायचं असेल तर आवाजाची फेक आधी तपासा, नाहीतर अर्थ राहिला बाजूला, लोक एकमेकांना "काय म्हणाला" असं विचारत बसतील.

पायरी ६: वस्तूला एका जागी राहू देऊ नका

आता खुर्ची. प्राग शहरातल्या अभ्यासकांनी १९३० आणि ४०च्या दशकात नाटकाकडे खुणांची व्यवस्था म्हणून बघायला सुरुवात केली, त्यातल्या यिंद्रिख होन्झलचा मुद्दा असा की रंगमंचावर खूण एका जागी बांधलेली नसते. जागेचं काम नट करू शकतो, नटाचं काम वस्तू करू शकते, दृश्याचं काम आवाज करू शकतो. चिनी संगीत नाटकात हातात गोंडेवाला चाबूक आला की घोडा आला, घोड्याची आठवण करून देणारं दुसरं काहीच नसतं. आपल्याकडे लोकनाट्यात पात्राने रंगमंचावर एक फेरी मारली की दुसरं गाव आलं, आणि रंगमंचावर फिरून ठिकाण बदलायची ही रीत नाट्यशास्त्रातही सांगितलेली आहे. 'घाशीराम कोतवाल'मध्ये १९७२ साली माणसांची रांगच पडदा झाली, तीच भिंत, तोच समूह, आणि मागे काय चाललंय ते लपवणारेही तेच, म्हणजे नेपथ्यालाच दोषात सहभागी करून घेतलं. लाकडाची भिंत ठेवली असती तर ही गोष्ट सांगायला कुणाला तरी भाषण करावं लागलं असतं.

आपल्या खुर्चीला हे कसं लावायचं? वस्तूला अर्थ चिकटवता येत नाही, तो तिच्याशी लोक कसे वागतात त्यातून साचतो, आणि साचायला पुनरावृत्ती लागते. माझ्या अनुभवात तीनदा पुरतं. पहिल्यांदा खुर्ची नुसती दिसू द्या, धाकटा तिच्या बाजूने वळसा घालून जातो, कोणी काही बोलत नाही, बहुतेकांच्या लक्षातही येणार नाही आणि ते ठीक आहे. दुसऱ्यांदा थोरला सवयीने तिच्या पाठीवर हात ठेवतो आणि काढून घेतो. आता नातं तयार झालं. तिसऱ्यांदा कोणीतरी नियम मोडायचा. थोरला "निघतोय" म्हणतो आणि त्या खुर्चीत बसतो. किंवा तो गेल्यावर धाकटा ती उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवतो. किंवा पाण्याचा पेला आणून तिच्यावरच ठेवतो, जणू ती साधी खुर्ची आहे. तिन्हींचे अर्थ वेगळे, आणि कुठेही "ही बाबांची खुर्ची" हे वाक्य आलेलं नाही. ते वाक्य लिहायचा मोह प्रत्येक नवीन लेखकाला होतो. तालमीपुरतं लिहा हवं तर, आणि तिसऱ्या आठवड्यात काढून टाका, प्रवेश उभा राहिला तर ते नकोच होतं.

एक मर्यादाही सांगतो. प्रागच्या याच गटातल्या वेल्तरुस्कीने १९४० मध्ये म्हटलं की रंगमंचावर जे काही आहे ते सगळं खूण आहे. याचा व्यावहारिक अर्थ भयंकर आहे, म्हणजे तुम्ही चुकून ठेवलेली गोष्टसुद्धा वाचली जाणार. विंगेजवळ राहिलेली पाण्याची बाटली, नटाच्या हातातलं आधुनिक घड्याळ, कॅलेंडरवरचा महिना. पहिल्या रन-थ्रूनंतर, म्हणजे न थांबता केलेल्या सलग तालमीनंतर, कोणाला तरी प्रेक्षकांत बसवून फक्त वस्तूंची यादी करायला लावा आणि प्रत्येकीसमोर विचारा ही का आहे. उत्तर मिळालं नाही तर उचला.

पायरी ७: प्रकाश, आवाज, कपडे

यावर थोडक्यात, कारण इथे चूक एकाच प्रकारची होते. नट रडतोय, मागे व्हायोलिन रडतंय, प्रकाशही निळा झाला, तीन जणांनी मिळून प्रेक्षकाला एकच गोष्ट सांगितली आणि त्याच्यासाठी काही शिल्लक ठेवलं नाही. तांत्रिक बाजू नटाने करून झालेलं परत सांगायला वापरू नका. एक तर तिने न सांगितलेलं सांगावं, नाहीतर गप्प राहावं.

आपल्या प्रवेशात मी संगीत ठेवणारच नाही. बाहेर गाडी उभी असल्याचा इंजिनचा आवाज सुरुवातीपासून चालू ठेवेन आणि "बरं"च्या आधी तो बंद होईल. कोणी बंद केला, का केला, ते सांगायचं नाही, पण निघायची घाई खरी होती की नव्हती हा प्रश्न आता वेगळ्याच दिशेने आला. प्रकाशात शेवटी माणसावरचा कमी होऊन खुर्चीवर राहिला तर परिणाम होतो, पण तो इतका वापरून झालाय की मी दोघांवरचा आणि खुर्चीवरचा एकदम घालवेन. कपड्यांत एकच गोष्ट बघा, थोरल्याच्या पायात चपला आहेत की नाहीत. घातलेल्या असतील तर तो आल्यापासून निघायच्याच तयारीत होता.

पायरी ८: प्रेक्षकाला काय माहीत आहे आणि पात्राला काय

प्रत्येक प्रवेशासाठी कागदावर दोन रकाने करा. एकात प्रेक्षकाला माहीत असलेल्या गोष्टी, दुसऱ्यात प्रत्येक पात्राला माहीत असलेल्या. या रकान्यांतला फरक बदलला की तेच संवाद, तीच हालचाल, सगळं वेगळं वाचलं जातं. इडिपस राजाच्या ग्रीक शोकांतिकेत राजा खुन्याला शोधून काढायची शपथ घेतो आणि तो खुनी तो स्वतःच आहे हे बघणाऱ्याला गोष्ट माहीत असल्यामुळे आधीच ठाऊक असतं, त्याचं प्रत्येक ठाम वाक्य त्यामुळे अंगावर येतं. शब्द राजाचे, त्यातली भीती प्रेक्षकाची.

आपल्या भावांच्या प्रवेशाला हे लावा. समजा आधीच्या प्रवेशात प्रेक्षकाने थोरल्याला दाराबाहेर बॅग लपवून ठेवताना बघितलंय, म्हणजे तो राहायच्या तयारीने आलाय. आता "निघतोय" हे खोटं आहे हे आपल्याला माहीत, धाकट्याला नाही, आणि त्याचं "बरं" ऐकताना अख्खा हॉल मनातून ओरडतो की थांबव त्याला. बॅग दाखवायचीच नाही असं ठरवलं तर तोच प्रवेश कोड्यासारखा होतो, आणि बॅग नंतर दाखवली तर प्रेक्षक मागे जाऊन सगळं परत वाचतो. तिन्ही चालतात. कुठलं चांगलं ते पुढच्या प्रवेशाला काय हवंय त्यावर ठरतं, पण निर्णय तुम्ही घेतलेला असला पाहिजे, तो आपसूक झालेला नको.

जुन्या नाट्यरचनेत यासाठी खास सोयी होत्या. स्वगत म्हणजे पात्र मनातलं बोलतं आणि ते फक्त प्रेक्षकाला कळतं. जनांतिक म्हणजे रंगमंचावर बाकीचे असतानाही दोघंच बोलतात आणि इतरांना ऐकू आलं नाही असं आपण सगळे मानून चालतो. हे मानून चालणं फार मोलाचं आहे, त्यातच बघणारा नाटकात सामील होतो. ग्रोतोव्स्की या पोलिश दिग्दर्शकाने १९६०च्या दशकात रंगभूषा, नेपथ्य, प्रकाश, संगीत एकेक काढून बघितलं आणि त्याच्या लेखी शेवटी दोनच गोष्टी उरल्या ज्यांच्याशिवाय नाटक होत नाही, नट आणि बघणारा.

भरताचं रससूत्रही, म्हणजे बघणाऱ्याला येणारा भावनेचा आस्वाद (रस) कसा तयार होतो ते सांगणारं सूत्र, मला याच जागी उपयोगी पडतं. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो असं ते सांगतं. तालमीच्या भाषेत म्हणायचं तर कारण आणि परिस्थिती, त्यातून शरीरावर दिसणाऱ्या गोष्टी, आणि मध्ये येऊन जाणाऱ्या छोट्या भावना. त्या सूत्रात स्थायी भावाचं, म्हणजे शोकासारख्या मुख्य भावनेचं, नावसुद्धा घेतलेलं नाही हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुख्य भावना थेट दाखवायच्या यादीत नाहीच, ती या तिघांतून बघणाऱ्याच्या ठिकाणी जागी व्हायची आहे. नाट्यशास्त्रात व्यभिचारी भाव तेहतीस दिलेत, शंका, लाज, आळस, उत्सुकता, गर्व असे. शोकाचा प्रवेश करताना नुसता शोक करत बसण्यापेक्षा थोरल्याला आधी थोडा गर्व, मग लाज, मग एकदम थकवा येऊ द्या. शोक कोणी केलाच नाही तरी पोचेल.

पायरी ९: लावून बघा, आणि प्रश्न बरोबर विचारा

नाटक न वाचलेल्या, तालमीला न आलेल्या चार-पाच जणांना बोलवा, प्रवेश दाखवा. त्यांना "समजलं का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आवडलं का" तर अजिबात नको. तीन प्रश्न विचारा, तेही लिहून उत्तर द्यायला सांगा, म्हणजे एकाचं ऐकून दुसरा आपलं मत बदलणार नाही. तुम्हाला काय काय दिसलं? कुठल्या क्षणी तुम्ही पुढे झुकलात किंवा तुमचं लक्ष उडालं? हा माणूस यानंतर काय करेल?

पहिल्या प्रश्नात खुर्ची कोणीच लिहिली नाही तर ती अजून फर्निचर आहे, सहावी पायरी परत करा. सगळ्यांनी "खुर्ची म्हणजे वडिलांचं प्रतीक" असं एकसारखं लिहिलं तर तुम्ही फार दाबून दाखवलंय, एक पुनरावृत्ती कमी करा. दुसऱ्या प्रश्नात लक्ष उडालेल्या जागा एकत्र येत असतील तर त्या ओळीखालचं क्रियापद तपासा, तिथे बहुतेक शब्द आणि कृती एकच बोलत असणार. आणि हे करताना नटांना समोर बसवू नका, दिग्दर्शकाने एकट्याने वाचावं, कारण नटाला एखाद्या प्रेक्षकाचं वाक्य लागलं की तो पुढच्या प्रयोगात नेमकं तेच दाखवायला जातो.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी येणारच. एक म्हणेल तो जाईल आणि परत येणार नाही, दुसरा म्हणेल तो दारातूनच वळेल. दोघांना समोरासमोर बसवून विचारा, कशावरून? एक म्हणाला त्याने चपला काढल्याच नव्हत्या आणि दुसरा म्हणाला पण तो खुर्चीच्या पाठीला हात लावून गेला, तर प्रवेशाला हात लावू नका, पुढचा प्रवेश घ्या. पण भांडण "हे दोघं भाऊ होते की मित्र" असं असेल, तर पहिल्या पायरीपासून परत सुरू करा आणि "दादा" हा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातोय का ते आधी बघा.